हा फोटो कोठला?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं एक लहानसा उद्योग आरंभिला होता. तो चार दिवसांत उरकेल अशी आमची कल्पना होती. त्यास सबंध सुटी लागली. त्यांत आमची जी फजिती झाली व जो लाभ झाला, तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ही हकीकत येथें देत आहों.

आमच्या मातोश्रींचें माहेर भीमाकांठीं, इंदापूर तालुक्यांतील पळसदेव. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. त्या धरणाच्या पाण्यांत जुनें गांव बुडालें. गांवकरी वर येऊन पुणें-सोलापूर रस्त्यालगत वसले व येतांना गांवाचें नांवही बरोबर घेऊन आले. गांव बुडण्यापूर्वीं आमच्या मामांनीं आपल्या साध्या कॅमेऱ्यानें तेथले छत्तीस फोटो काढून ठेविले होते. पुढें २०१६ सालच्या दुष्काळांत जलाशयाचें पाणी फार खालीं गेलें व पळसनाथाचें प्राचीन देऊळ उघडें पडलें. तेव्हां आम्ही आईला घेऊन तेथें गेलों आणि डिजिटल कॅमेऱ्यानें दोनशेंवर फोटो काढिले. त्या दिवशीं आई कोरड्या जमिनीवर उभी राहून, "इथं पार होता, इथून नदीला वाट," असें बोट दाखवून सांगत होती. आम्ही फोटो काढण्यांत गढून गेलों होतों. तिचे शब्द लिहून घेण्याचें भान कोणासही राहिलें नाहीं.

आतां आईचें वय चौऱ्यायशी वर्षांचें आहे. सकाळीं तिला पुष्कळ आठवतें, दुपारीं थोडें आठवतें, आणि संध्याकाळीं ती कधीं कधीं आम्हांलाच "तुम्ही कुणाचे?" असें विचारते. तेव्हां फोटोंस ठिकाणें द्यावयाचीं तर तीं आतांच, आणि तींही सकाळींच, हें उघड होतें.

डिजिटल फोटोच्या पोटांत, चित्राखेरीज, डोळ्यांस न दिसणारी एक चिठ्ठी असते. तिला एक्झिफ म्हणतात. तिचे नियम जपानांत १९९५ सालीं ठरले. फोटो कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या कॅमेऱ्यानें काढिला हें तींत लिहिलेलें असतें. ठिकाणाचे अक्षांश व रेखांश यांसाठींही तींत जागा आहे. मोबाइल उपग्रहांच्या साह्यानें ती जागा आपण होऊन भरतो. आमच्या जुन्या कॅमेऱ्यास ती विद्या नव्हती, आणि मामांचे फोटो तर स्कॅन करून संगणकांत घेतलेले. त्यांच्या चिठ्ठींत स्कॅन केल्याची तारीख तेवढी होती. रिकामी जागा भरण्यासाठीं आम्हीं डिजिकॅम नांवाचें विनामूल्य मिळणारें सॉफ्टवेअर घेतलें. त्यांत एका बाजूस फोटो व दुसऱ्या बाजूस नकाशा दिसतो. फोटो उचलून नकाशावर ठेविला कीं त्या जागेचे अंश, कला, विकला त्याला मिळतात.

पहिली चूक पहिल्याच सकाळीं झाली. आम्हीं शोधाच्या चौकटींत "पळसदेव" असें लिहिलें, नकाशा तत्काळ तेथें गेला, आणि आम्हीं मामांचे सारे फोटो मोठ्या ऐटीनें तेथें नेऊन ठेविले. आई शेजारीं बसून पाहत होती. ती म्हणाली, "अरे, हे आपलं गाव नव्हे. हे रस्त्याकडेचं. आपलं पाण्यात." यंत्रानें नांव बरोबर ओळखिलें होतें, गांव मात्र चुकलें होतें. आम्हीं मुकाट्यानें सारे फोटो काढून घेतले.

मग खरें स्थळ सांपडवावयाचें कसें? २०१६ सालीं आमच्या पुतण्यानें आपल्या मोबाइलमध्यें दिवसभराच्या वाटेची नोंद करून ठेविली होती. अशा नोंदींत दर कांहीं क्षणांनीं वेळ व स्थळ हीं दोन्ही लिहिलीं जातात. फोटोची वेळ व नोंदींतली वेळ जुळवून सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोस त्याचें ठिकाण देतें. आम्हीं तसें केलें, आणि पाहतों तों पळसनाथाचें देऊळ, कळसासुद्धां, भिगवणच्या एका खानावळींत जाऊन बसलेलें! घरांतलीं मुलें पोट धरधरून हंसलीं. कारण शोधतां असें कळलें कीं, मोबाइलची नोंद जागतिक प्रमाणवेळेनें होते आणि आमचा कॅमेरा भारतीय वेळेनें चालत होता. दोहोंत साडेपांच तासांचें अंतर. कॅमेऱ्यानें लिहिलेले सकाळचे सात हे सॉफ्टवेअरनें जागतिक वेळेचे, म्हणजे आपल्या साडेबाराचे, मानिले; आणि त्या दिवशीं साडेबारा वाजतां आम्ही भिगवणास मासळी खात होतों. अंतर सांगून पुन्हां जुळवणी करतांच देऊळ आपल्या जागीं परतलें. नकाशावर तेथें निळें पाणीच होतें.

एकदां देऊळ सांपडल्यावर बाकीचें काम आईचें होतें. रोज सकाळीं चहा झाल्यावर आम्ही मामांचा एकेक फोटो तिच्यापुढें ठेवीत असूं. ती देवळापासून वाट सांगे: पार कोणीकडे, घर पारापासून किती पावलांवर, दाराचें तोंड कोणत्या दिशेला. ती सांगे त्याप्रमाणें आम्ही निळ्या पाण्यावर एकेक खूण करीत गेलों. सुटी संपतां संपतां पाण्यावर एक गांव उभें राहिलें. आपल्या घराची खूण पाहून आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "थोडं नदीकडे सरकव." आम्हीं सरकविलें.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. सॉफ्टवेअर अंशाच्या दशांश चिन्हापुढें सहा आंकडे लिहितें. त्यांतील शेवटचा आंकडा जमिनीवर सुमारें अकरा सेंटिमीटरांचा असतो. आईच्या पावलांच्या मोजणीस इतकी बारीक अचूकता कोठून असणार? म्हणून अशा प्रत्येक फोटोच्या वर्णनांत आम्हीं "आईच्या सांगण्यावरून, अंदाजें" असें लिहून ठेविलें आहे. पुढें पाहणाराची फसगत होऊं नये.

छत्तीसांपैकीं पस्तीस फोटोंस ठिकाण मिळालें. एकांत एक विहीर आहे व कांठावर तीन बाया पाणी शेंदीत आहेत. आईनें तो तीन सकाळीं पाहिला. त्यांतील एक बाई तिनें ओळखिली, पण विहीर कोठली तें तिला सांगतां आलें नाहीं. मामा आज असते तर त्यांनीं एका शब्दांत सांगितलें असतें. त्या फोटोची जागा आम्हीं रिकामीच ठेविली आहे. कोठें तरी खूण करून टाकावी असा मोह झाला होता, परंतु तें खोटें झालें असतें.

विद्यार्थी मित्रहो, हें काम तुम्ही आमच्यापेक्षां लवकर शिकाल. कॅमेरा घेऊन निघतांना प्रथम मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो काढा, म्हणजे वेळेची चूक मागाहून दुरुस्त करतां येते. मूळ फोटोंची एक प्रत निराळी ठेवा. राहत्या घरचे फोटो परक्यांकडे पाठवितांना त्यांतील ठिकाण काढून टाकण्यास विसरूं नका. घरचा पत्ता कोणासही वाटीत फिरणें बरें नव्हे. आणि घरीं जुने फोटो असतील व ते ओळखणारें माणूस असेल, तर त्या माणसाजवळ उद्यां नव्हे, आजच जाऊन बसा. यंत्र केव्हांही मिळेल. आमची विहीर मात्र आतां आम्हांस कोणी सांगेल असें वाटत नाहीं.