तपकिरी भिंत

इंद्रधनुष्यात तपकिरी रंग नाही. नारिंगी पृष्ठभाग आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा बराच काळसर दिसला, की डोळा त्याला तपकिरी म्हणतो. म्हणजे हा रंग डब्यात अर्धाच असतो. उरलेला अर्धा शेजारच्या पांढऱ्यावर आणि पडणाऱ्या उजेडावर ठरतो. घरात तो लावताना होणाऱ्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होतात.

मराठीत त्याचे नाव ओढायच्या तपकिरीवरून पडले. रंगारी मात्र चॉकलेटी किंवा कॉफी म्हणतात. त्यातली ऊब मूळची लोहाच्या ऑक्साइडची. गेरूत तेच असते. अंबर नावाच्या मातीत त्याच्या जोडीला मँगॅनीजची ऑक्साइडे येतात, म्हणून ती अधिक गडद. भाजल्यावर तिच्यातले पाणी उडते आणि ती लालसर होते. वारली घरांत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची चित्रे उठून दिसतात. गडद भिंत शेजारच्या फिकट वस्तूला पुढे आणते, याचे याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण.

लेखिकेच्या पुण्यातील घरात दहा बाय बाराच्या झोपायच्या खोलीची एकच भिंत, पलंगामागची, या रंगाने रंगवली गेली. खिडकी पश्चिमेला. छटा निवडली होती दुकानातल्या शेडकार्डावरून, पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली. पहिला हात ओला असताना भिंत दुधाळ चहासारखी दिसली आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले. इमल्शन ओले असताना असेच फिकट दिसते. दोन तासांत ते वाळून गडद झाले. पण रात्री खोलीतली 6500 केल्विनची ट्यूब लावताच भिंत पुन्हा बिघडली: मातकट, राखाडी, ओल आल्यासारखी. त्या निळसर उजेडात रंगातले लाल मरते. ट्यूब काढून 2700 केल्विनचे दोन पिवळसर दिवे पलंगाच्या बाजूंना लावल्यावर तीच भिंत भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखी दिसू लागली. रंग तोच होता, एक थेंबही बदललेला नव्हता.

त्याच रात्री एक प्रयोगही झाला. काळ्या कागदाची नळी करून, बाकी काहीही दिसणार नाही अशा बेताने, दिव्याजवळचा भिंतीचा तुकडा पाहिला. नळीतून तो नारिंगीकडे झुकलेला दिसला. नळी खाली घेताच छताचा पांढरा आणि चादरीचा पांढरा नजरेत आला आणि भिंत तपकिरी झाली.

म्हणून नमुना शेडकार्डावर पाहून पुरत नाही. ज्या भिंतीला रंग द्यायचा तिच्यावरच दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा दोन हात देऊन रंगवावा. तो सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावा. छत पांढरे किंवा साईच्या रंगाचे ठेवावे. सागवान, पितळ, सुती कापड आणि झाडांचा हिरवा या रंगाला मानवतात. निळसर झाक असलेला पांढरा शेजारी आला, तर तो तपकिरीला मळका करतो.

गडद रंगाच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड कमी असते, त्यामुळे खालचा पांढरा प्रायमर लवकर झाकला जात नाही. लेखिकेच्या भिंतीला दोनऐवजी तीन हात लागले. प्रायमरमध्येच करडी छटा मिसळून घेतली असती, तर तिसरा हात वाचला असता. पुट्टीतले उंचवटेही बाजूच्या दिव्यात सावल्या टाकतात. म्हणून पुट्टी घासताना भिंतीला चिकटून टॉर्च धरावा, म्हणजे खोट लगेच दिसते. ओल येणाऱ्या भिंतीवर हा रंग देऊच नये. आतले क्षार मिठासारखी पांढरी पूड होऊन बाहेर येतात आणि फिकट भिंतीवर लपणारी ती पूड इथे लांबून दिसते.

मॅट फिनिशवर डोके किंवा उशी टेकते तिथे काही महिन्यांत तुळतुळीत डाग पडतो, आणि पुसून तो वाढतोच. पलंगाला उंच पाठ असणे हा त्यावरचा खरा उपाय. उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवावा आणि डब्यावरचा छटेचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. डागडुजीला तोच कामी येतो. पुढे भिंत फिकट करायची झाली, तर आधी प्रायमरचा हात द्यावा लागतो. नाहीतर तपकिरी दोन हातांखालूनही डोकावत राहतो.