सिटीच्या गिअरबॉक्समधलं लाल तेल

डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबला की कळ यायची. म्हणून आधीची गाडी विकली आणि पुण्याहून जुनी होंडा सिटी घेतली. २०१५ चं मॉडेल, पेट्रोल, ऑटोमॅटिक. एकहाती वापरलेली, सर्व्हिसच्या बिलांची फाइल जाडजूड, सीटला डाग नाही. पुणे-सोलापूर हायवेला गाडी लोण्यासारखी पळाली. भिगवणला चहा प्यायलो तेव्हा बायको आणि मी, दोघंही खूश होतो.

कुरकुर सुरू झाली ती सोलापुरात. हायवेला एका वेगाने जाणारी गाडी आणि सात रस्त्याला दर दोन मिनिटांनी थांबून पुन्हा निघणारी गाडी यात फरक असतो. सकाळी थंड असताना काही नाही. पण दुपारी आसरा चौकातून होटगी रस्त्याला वळून वेग घेताना गाडी थरथरायची. वीस-तीसच्या वेगाला, दोन-तीन सेकंद. नंतर पुन्हा गुपचूप. हे आधी माझ्या लक्षातच आलं नाही. बायको चालवत होती, ती म्हणाली, "अहो, बैलगाडी खडीवरून गेल्यागत होतंय बघा." मी रस्त्यावर ढकललं. सोलापुरात रस्त्यावर ढकललं की कुणी वाद घालत नाही.

पुढे देवदर्शनाला तुळजापूरला गेलो. घाट चढताना पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. त्याच्या मागे हळू चालायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. तिथे थरथर इतकी वाढली की मागे बसलेल्या आईने विचारलं, "पंक्चर झाली का रे?" वर पोचल्यावर रिव्हर्स टाकला, तर गाडीने एक श्वास घेतला आणि मग झटका देऊन मागे गेली. दर्शन नीट झालं नाही हे कबूल करतो. डोक्यात गाडीच होती.

मग सल्ले सुरू झाले. एकाने इंजिनाचं माउंटिंग गेलंय म्हणून सांगितलं. ते बदललं. थरथर तशीच. दुसऱ्याने प्लग काढून साफ केले. पैसे गेले, थरथर राहिली. तिसऱ्याने गाडी चालवूनही न बघता सांगितलं, "गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागणार." खर्च विचारला तर लाखाच्या पुढचा आकडा. त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटी ओळखीने एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गाडी चालवून आणली, आणि विचारलं, "बिलाची फाइल हाय का? द्या इकडं." चष्मा कपाळावरून खाली घेऊन एकेक बिल उलटत गेले. इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरी. मग एका कच्च्या बिलावर बोट ठेवलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं नव्हतं, बाहेरच्या गॅरेजचं होतं. त्यावर फक्त इतकंच: 'ऑटो गिअर ऑइल चेंज, एटीएफ'. कुठलं, कुठल्या दर्जाचं, काही नाही. मग त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मालकाचं पुस्तक मागितलं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडलेलं होतं. शेवटच्या पानांतल्या तक्त्यात ट्रान्समिशनपुढे स्पष्ट छापलं होतं: होंडा एचसीएफ-२.

"मालक, ही सीव्हीटी हाय. हिच्यात एटीएफ चालत न्हाई."

मला तोवर ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक एवढंच माहीत. त्यांनी समजावलं ते असं. कायनेटिक होंडा आठवते का? १९८४ साली आलेली, बिनागिअरची. तिच्यात दोन पुली आणि त्यांच्यावर एक पट्टा असायचा. पुलीच्या दोन थाळ्या जवळ-लांब झाल्या की पट्टा वर-खाली सरकतो आणि गिअर बदलल्यासारखा परिणाम होतो. आजची ॲक्टिव्हाही त्याच तत्त्वावर चालते. सिटीत तेच, फक्त पट्टा रबराचा नाही, पोलादाचा. शेकडो पातळ पोलादी तुकडे ओवलेला. आणि स्कूटरचा पट्टा कोरडा चालतो, हा तेलात बुडून चालतो. तेल म्हटलं की घसरण आलीच. पण इथे तेलाने पुलीला आणि पट्ट्याला झिजूही द्यायचं नाही आणि घसरूही द्यायचं नाही. धातूवर धातूची पकड राहावी असं ते मुद्दाम बनवलेलं असतं.

एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, त्याचं काम वेगळं. नेहमीच्या टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये खरे दातेरी गिअर असतात, आणि क्लचच्या चकत्या एकमेकींना धरतात-सोडतात. ते झटका न बसता व्हावं म्हणून त्या तेलात घर्षण सांभाळणारी द्रव्यं घातलेली असतात. ती किती नाजूक बाब आहे याचा एक किस्सा नंतर वाचनात आला. अमेरिकेत १९७० च्या सुमारापर्यंत एटीएफमध्ये या कामासाठी चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. त्यावर बंदी आली तेव्हा पर्याय शोधताना तेल कंपन्यांच्या नाकी नऊ आले. तेव्हा 'तेल ते तेल' असं म्हणणाऱ्याला आता मी हा देवमासा दाखवतो.

मिस्त्री म्हणाले, चूक तेल काढून बरोबर तेल घालून बघू. पट्टा किती घासलाय ते देव जाणे, पण गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे करायलाच हवं. मला ते पटलं.

तेल आणायला मी गेलो. पहिल्या दुकानात "सिटी ऑटोमॅटिकचं तेल" म्हटल्यावर त्यांनी लगेच एक डबा पुढे केला. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं." डब्याच्या मागे बारीक अक्षरांत पंधरा-वीस नावं होती. डेक्सरॉन, मर्कॉन, टोयोटाचं, ह्युंदाईचं, होंडाचंही एक. पण वाक्य होतं 'यांच्यासाठी योग्य'. असं वाक्य बहुतेक वेळा तेलवाल्याचा स्वतःचा दावा असतो. गाडीच्या कंपनीने मान्यता दिली असेल तर ती वेगळी आणि स्पष्ट लिहिलेली असते. आणि होंडाचं जे नाव होतं ते डीडब्ल्यू-१, म्हणजे एटीएफच. एचसीएफ-२ त्या यादीत नव्हतं.

दुकानदाराचीही पूर्ण चूक म्हणता येणार नाही. सिटी हे नाव एक, पण आतली यंत्रं वेगवेगळी. २००३ च्या सिटीची ऑटोमॅटिक सीव्हीटी होती. २००८ मध्ये नवी सिटी आली तिची ऑटोमॅटिक पाच गिअरची, एटीएफवर चालणारी. २०१४ च्या सिटीत पुन्हा सीव्हीटी, पण जुन्यापेक्षा निराळी, एचसीएफ-२ मागणारी. त्यामुळे २०१० च्या सिटीवाल्याने दिलेला सल्ला २०१५ च्या सिटीला लागू पडत नाही. माझ्या गाडीच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. कुणीतरी नाव बघितलं, साल बघितलं नाही.

मी कंपनीच्या अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवरून सीलबंद एचसीएफ-२ मागवून घेतलं. यायला थोडे दिवस लागले. बाहेरच्यापेक्षा महाग पडलं. ड्रेन बोल्टचा नवा वॉशरही त्यांच्याकडूनच घेतला. तो ॲल्युमिनियमचा असतो, एकदा दाबला की चपटतो, पुन्हा वापरला तर झिरपतो.

कामाला मिस्त्रींनी भल्या सकाळी बोलावलं. एक तर मे महिना. दुसरं, तेल तापलं की फुगतं. हल्ली बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना गिअरबॉक्सची डिपस्टिकच नसते. तेल ठरावीक तापमानाला असतानाच पातळी बघायची असते, आणि काही गाड्यांत ते तापमान चाळीस अंशांच्या आसपासचं असतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी हवाच बेचाळीस-त्रेचाळीस. मग तेल चाळिशीला येणार कधी?

गाडी जॅकवर तिरकी न उचलता पिटवर सपाट घेतली. खाली उतरून मिस्त्रींनी आधी मला बोल्ट दाखवला. इंजिन ऑइलच्या बोल्टला सहा कोनांचं डोकं असतं. गिअरबॉक्सच्या बोल्टला मधोमध चौकोनी भोक, ज्यात रॅचेटचं चौकोनी टोक थेट बसतं. घाईगर्दीच्या सर्व्हिसमध्ये इंजिन ऑइलऐवजी गिअरबॉक्सचंच तेल सोडून देणारे महाभाग असतात म्हणे.

बोल्ट सुटला आणि काळपट लाल धार खाली आली. मिस्त्रींनी बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. जळका वास नव्हता, हे बरं. बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर काजळासारखा राखाडी लेप जमला होता. तो पुसून त्यांनी कागदावर पसरला आणि उजेडात धरला. बारीक भुकटी चालते, ती नेहमीची झीज. चकाकणारे तुकडे किंवा काटे दिसले तर पट्टा गेला समजायचं. तुकडे नव्हते. मला तेव्हा कुठे श्वास घेता आला.

मी म्हणालो, लाल रंग दिसला म्हणजे एटीएफ होतं हे नक्की झालं. तर म्हणाले, "रंगावर जाऊ नका. रंग घातल्याला असतोय." ते खरं आहे. लाल रंग मुळात आला तो गळती झाल्यावर इंजिन ऑइल आणि एटीएफ वेगळं ओळखू यावं म्हणून. टोयोटाचं डब्ल्यूएस लाल आणि डेक्सरॉनही लाल, तरी एकाऐवजी दुसरं घालायचं नसतं. इथे बिल आणि रंग दोन्ही जुळले म्हणून खात्री, एवढंच.

निघालेलं तेल मापाच्या डब्यात मोजलं. साडेतीन लिटरच्या आसपास भरलं. तेवढंच नवं मोजून घातलं आणि मग सर्व्हिसच्या पुस्तकाप्रमाणे पातळी तपासली. पण असं एकदा सोडल्याने सगळं तेल निघत नाही. या सीव्हीटीतही टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात, आतल्या वाटांमध्ये बरंच अडकून राहतं. निम्मं निघालं असं धरलं तर निम्मं जुनं राहिलं. पुन्हा बदललं की पाव, आणखी एकदा की दोन आणे. म्हणून इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, दांडा सगळ्या जागांवरून सावकाश फिरवायचा, गाडी थोडे दिवस चालवायची आणि पुन्हा तेल बदलायचं. आम्ही तसं केलं. यंत्र लावून दाबाने फ्लश करायला मिस्त्रींनी नकार दिला. आतली घाण सुटून नको तिथे बसते, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या बदलानंतर फार फरक नव्हता. मी नाराज झालो, तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्यांदा बदलल्यावर रिव्हर्सचा झटका गेला. पुढे सात रस्त्याची थरथर कमी होत होत जवळपास थांबली. आजही भर उन्हात तुळजापूर घाटात ट्रॅक्टरच्या मागे अडकलं की क्वचित एखादी शिरशिरी जाणवते. पट्ट्याला आणि पुलीला जी इजा झाली ती तेलाने भरून येत नाही. सगळा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याच्या खर्चापुढे किरकोळ होता.

आता कॉलनीत ऑटोमॅटिकवाले वाढलेत आणि माझ्याकडे विचारायला येतात. शेजारच्या सेलेरिओला 'एटीएफ टाकू का' असं एकाने विचारलं. ती गाडी एएमटी. २०१४ साली सेलेरिओनेच ती पद्धत आपल्याकडे आणली. तिच्यात गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. गिअरबॉक्सला मॅन्युअलचंच गिअर ऑइल, आणि गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल वेगळं. समोरच्यांची इनोव्हा क्रिस्टा टॉर्क कन्व्हर्टरची, तिला डब्ल्यूएस. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-३, सहा गिअरच्यांना एसपी-४. ड्युअल क्लचवाल्या गाड्यांत तर एकाच कंपनीच्या कोरड्या आणि ओल्या क्लचच्या पेट्यांना वेगवेगळं तेल लागतं. हे सगळं पाठ करायची गरज नाही. मालकाच्या पुस्तकात असतं. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या पार्ट्स काउंटरला चेसिस नंबर द्यावा, ते नाव सांगतात. त्याच पुस्तकात धूळ, उकाडा आणि सतत थांबत चालणं अशा कठीण वापरासाठी तेल बदलायची वेगळी, लवकरची मुदत दिलेली असते. सोलापूरकरांनी तीच आपली मुदत धरावी.

तेल आणायला जाताना त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून न्या. दुकानात गाडीचं नाव सांगू नका, तेलाचं नाव सांगा. आणि काम झाल्यावर बिलावर नुसतं 'ऑटो गिअर ऑइल' लिहू देऊ नका. तेलाचं पूर्ण नाव, लिटर आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून घ्या. तुमची गाडी उद्या कुणीतरी विकत घेणार आहे.