साडेसोळा फुटी हौस

बोरिवलीहून गोराईला न्यायला फेरीबोट असताना माणसाने स्वतःची होडी कशाला घ्यावी, असे सोसायटीत सगळ्यांनी मला विचारले. सेक्रेटरींनी तेवढे ते विचारले नाही. त्यांनी ‘ठेवणार कुठे?’ असे विचारले. उगीच नाही माणूस सेक्रेटरी होत!

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची होडी. लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा आणि वर सीलचे कातडे. ती दुकानात मिळत नसे. ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने बनवायची. लांबी तीन वाव आणि बसायच्या जागी रुंदी म्हणजे कंबर अधिक दोन मुठी, असा हिशेब सांगतात. कमरेच्या मापाचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही, म्हणून मी लांबीपासून सुरुवात केली. दोन्ही हात पसरले की माझी वाव साडेपाच फूट. तिप्पट केली, साडेसोळा. आमचा हॉल १४ फुटांचा. तेव्हा तिथेच वाव नव्हता.

शिवाय लांब, अरुंद कयाक वेगाने आणि सरळ जाते, पण डुगडुगते. आखूड, रुंद असेल ती स्थिर. फक्त नाक सारखे इकडेतिकडे वळवते. तिवरांमधून वळणे घेत जायचे, तर वळणारीच बरी. विरार लोकल थोडीच पकडायची आहे?

फुगवायची कयाक मला मनापासून आवडली होती. हवा काढा, घडी घाला, माळ्यावर गाद्यांशेजारी टाका. पण वारा तिला कुठेही नेतो, आणि खाडीतल्या दगडांवर कालवे असतात. कालवाने ज्याचे बोट कापले आहे, त्याला फुग्याचे काय होईल ते सांगावे लागत नाही.

आत पाय घालून बसायचीही एक जात असते. ती उलटली की माणूस पाण्यात डोके खाली, पाय वर. मग वल्ह्याच्या एका झटक्यात पुन्हा सरळ व्हायचे, ही विद्या शिकावी लागते. हे मी मोठ्याने वाचून दाखवले. ही मेथी निवडत होती, ती थांबली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही अंधेरीच्या ऑफिसातून घरी चालत आली होती. मध्ये छातीभर पाणी, आणि पुढे चालणाऱ्या अनोळखी बाईचा पदर हातात. तेव्हापासून चौपाटीवरसुद्धा ही लाटांपासून वीस हात लांब बसते.

“उलटली की पाय निघतात?” तिने विचारले.

“निघतात.”

“या गुडघ्यांसकट?”

वर बसायची कयाक ठरली. तिला आरपार भोके असतात, आलेले पाणी तिथूनच निघून जाते आणि बंद, पोकळ पोटामुळे ती तरंगते. भोके असलेली होडी बुडत नाही हे हिला पटायला दोन दिवस लागले. गोराईच्या एका ओळखीच्या कोळीदादांनी ती आपल्या अंगणात ठेवायचे कबूल केले. त्यांना भोकांचे काही वाटले नाही. “हिला ओहोटी कळते का?” एवढेच त्यांनी विचारले. “नसेल, तर तुम्हांला कळायला पाहिजे. नाहीतर बसाल चिखलात भरती येईस्तोवर.”

आता एकट्याची की दोघांची, एवढेच उरले होते. एकट्याची हलकी, शिवाय स्वस्त.

“दोघांची घ्या,” ही म्हणाली. “लाइफ जॅकेटंही दोन. आणि मागे मी बसणार.”

दोघांच्या कयाकमध्ये दिशा मागचा माणूस ठरवतो. माझे पुस्तक हिने कधी वाचले, कोण जाणे!