कमरेचं वजन

आमच्या चंदगड तालुक्याला बंदुकीचं नवल नाही. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला शेत. गवे उसात घुसायचे आणि रानडुकरं भुईमूग उकरायची. जुन्या लोकांच्या माळ्यावर ठासणीची एखादी बंदूक असायचीच. शेतीसंरक्षणाचा परवाना काढलेली. ती खळ्यावर, माळ्यावर राबायची. बार काढला की आवाज व्हायचा, जनावर पळायचं आणि बंदूक पुन्हा खुंटीला. तिला बघून गावात कुणी घाबरल्याचं मला आठवत नाही. ती खुरप्या-विळ्याच्या जातीतली.

रिव्हॉल्व्हरची जात वेगळी. ती शेताची नव्हे, माणसाची राखण करायला घेतात. आणि आमच्याकडं माणसाला भीती वाटायची ती घरात नव्हे, गाडीत.

माझे थोरले बंधू, अण्णा, काजूचा व्यापार करायचे. मार्च ते मे हंगाम. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून बी गोळा करायची, रोख मोजायचे, माल कारखान्यांना घालायचा. त्या काळात सगळा व्यवहार नोटांचा. खताच्या पिशवीत पैसे आणि पिशवी सीटखाली. महिंद्राची कमांडर जीप होती, ती मी चालवायचो. रात्री नऊ-दहाला जंगलातल्या रस्त्यानं परत यायचं. वाटेत लुटालुटीच्या एकदोन गोष्टी कानावर आल्या, तसा अण्णांनी अर्ज केला. तपासण्या झाल्या आणि 1996 साली परवाना हातात पडला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर घेतलं. सहा गोळ्यांचं, वजनाला पाऊण किलोच्या आतबाहेर.

पहिल्या दिवशी अण्णा जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "आता काय काळजी न्हाई गा."

काळजी त्या दिवसापासनं सुरू झाली.

पहिला प्रश्न, ते ठेवायचं कुठं? लोकांना वाटतं, गाडीच्या डॅशबोर्डात टाकलं की झालं. तसं नसतं. हत्यार परवानाधारकाच्या ताब्यात पाहिजे. झाकलेलं, म्यानात, अंगावर. खड्ड्यात गाडी आदळली की ते अण्णांच्या बरगडीला लागायचं. उन्हाळ्यात कमरेला घामोळं उठायचं. चहाला उतरले तरी ते बरोबर, लघवीला उतरले तरी बरोबर. बँकेच्या दारात गेलं की आत कसं न्यायचं हा प्रश्न, आणि गाडीत ठेवून जायचं तर गाडीत मी. माझ्या नावाचा परवाना नाही. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायचं असेल तर धारकाच्या लेखी पत्रावर दुसऱ्याला नेता येतं, तेवढी सवड कायद्यात आहे. पण "जरा धर, मी आलोच" असं म्हणून भावाच्या हातात द्यायची ती वस्तू नव्हे. म्हणून मग बँकेत मी जायचो आणि अण्णा पिंपळाखाली जीपमध्ये बसायचे. राखण करायला घेतलेलं हत्यार, आणि आम्हीच त्याची राखण करत होतो.

परवान्याच्या अटी मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेल्या होत्या. मी दहावी शिकलेला, पण वाचायची खोड आहे. जत्रेत नेऊ नये, धार्मिक मिरवणुकीत नेऊ नये, सार्वजनिक जमावात नेऊ नये, शाळा-कॉलेजच्या आवारात नेऊ नये. मी अण्णांना म्हटलं, "मग ऱ्हायलं काय? आपण जातो कुठं आणखी?" गावच्या जत्रेला जाताना ते लोखंडी कपाटात कुलूपबंद करायचं, गोळ्या वेगळ्या खणात. पोलिसानं मागितला तर परवाना तिथल्या तिथं दाखवायचा, म्हणून ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात. पावसाळ्यात त्या पुस्तकाला आम्ही नोटांपेक्षा जास्त जपलं.

आणि मग सीमा. आम्हाला बाजार बेळगावचा. तासाभराची वाट, आजारी पडलं तरी तिकडंच, लग्नाचा बस्ता तिकडंच. पण परवान्यावर लिहिलेलं 'महाराष्ट्र राज्य'. शिनोळीच्या पुढं पाय टाकला की तेच हत्यार विनापरवाना. बेळगावचं राहू द्या, आमच्या जिल्ह्याच्या गावाला, कोल्हापूरला जायचं तरी नेहमीचा रस्ता गडहिंग्लजवरनं संकेश्वर, निपाणी असा जातो. संकेश्वर कर्नाटकात, निपाणी कर्नाटकात. म्हणजे महाराष्ट्रातनं निघून महाराष्ट्रात पोचायचं आणि मध्ये गुन्हेगार व्हायचं! नूतनीकरणाला त्या वेळी दर तीन वर्षांनी कोल्हापूरला जावं लागायचं. तेव्हा आम्ही आजरा, उत्तूर, गारगोटी, मुदाळतिट्टा, बिद्री अशी आतली वाट धरायचो. वळणावळणाची, वेळखाऊ, पण सगळी आपल्या राज्यातली. बरोबरचे लोक हसायचे. "कोण बघतंय?" म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "बघणारा भेटला की मग काय सांगू? नकाशा चुकला म्हणून?"

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातनं निरोप यायचा. आमच्या वाट्याला तर बहुतेक वेळा आलाच. मग हत्यार जमा करायचं, पावती घ्यायची, निकाल लागला की सोडवून आणायचं. ती पावती हरवली तर पुढचा ताप नको म्हणून वहिनी ती देवघरात ठेवायच्या.

हे सगळं त्रासाचं, पण सोसण्यातलं. खरं जड होतं ते वेगळंच.

एका वर्षी गळीत हंगामात, पाटणे फाट्याच्या अलीकडं, उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोरनं आला. रात्रीची वेळ, ट्रॉलीला मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मी जीप पार कडेला घेतली होती, तरी मागची ट्रॉली झोल खाऊन आली आणि आमचा आरसा, दार खरवडून गेली. ट्रॅक्टर थांबला. चालवणारा पोरगा वीस-बावीसचा. चूक त्याची, पण उतरला तोच तावातावानं. शिवी दिली. अण्णाही उतरले. शब्दाला शब्द लागला. पोरगा आणखी एक पाऊल पुढं आला आणि मला दिसलं, अण्णांचा उजवा हात सदऱ्याच्या आत गेला.

पोरालाही दिसलं. तो जागच्या जागी थिजला. जीपच्या दिव्यात त्याचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं.

मी एवढंच म्हणालो, "अण्णा, गाडीत बसा." आणि मध्ये जाऊन उभा राहिलो, पोराकडं तोंड करून, अण्णांकडं पाठ करून. पाठीमागं दार लावल्याचा आवाज येईपर्यंत किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. फार नसावा.

चौथ्या दिवशी त्या पोराचा बाप घरी आला. आमच्या ओळखीतला, शांत माणूस. सोप्यात बसला, पाणी घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही माझ्या पोरावर पिस्तूल काढलं, असं गावभर झालंय. खरं काय ते तुमच्या तोंडून ऐकायला आलोय." कायद्याच्या भाषेत बोलायचं तर सार्वजनिक ठिकाणी हत्यार उगारणं हा गुन्हा, परवाना रद्द व्हायलाही कारण. अण्णांनी ते काढलं नव्हतं. साक्षीला मी होतो. "न्हाई काढलं" एवढंच म्हणाले असते तरी ते खोटं ठरलं नसतं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काढलं न्हाई. पण हात गेला. तुझ्या पोराच्या जागी मी असतो, तर मलाबी काढल्यासारखंच वाटलं असतं."

तो माणूस उठला, अण्णांच्या हाताला हात लावला आणि गेला. ठाण्यात गेला नाही. दाराच्या खर्चाचे पैसे त्यानं नंतर पाठवले, ते अण्णांनी परत केले.

त्या दिवसापासनं अण्णांनी स्वतःला नियम घातला. हंगामातला रोकडीचा दिवस सोडला तर हत्यार कपाटाबाहेर काढायचं नाही. आणि ते कमरेला असेल त्या दिवशी रस्त्यावर आपली चूक असो नसो, माघार आपली. कुणी कट मारला, जाऊ दे. कुणी शिवी दिली, काच वर. उतरायची वेळ आलीच तर मी उतरायचं, त्यांनी नाही. मला म्हणायचे, "साधा माणूस भांडला तर भांडण. मी भांडलो तर ते भांडण ऱ्हात न्हाई." कायदाही काही वेगळं सांगत नाही. स्वतःच्या बचावाचा हक्क सगळ्यांना आहे, पण धोका जेवढा, बचाव तेवढाच; गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा कुणालाच नाही. शिवीला गोळी हे उत्तर कुठल्या कलमात बसत नाही. पण हात सदऱ्यात जातो तेव्हा कलम आठवत नसतं. ते आठवायचं असेल तर आधीच, घरातनं निघताना आठवावं लागतं.

खरा दरोडा आमच्यावर कधी पडला नाही. पडला असता तर काय झालं असतं, हा हिशेब मी गाडी चालवताना पुष्कळ वेळा केला. रस्त्यात झाड आडवं टाकलेलं, दोन्ही बाजूंनी माणसं, माझे हात स्टिअरिंगवर, अण्णा पट्टा आणि सदरा बाजूला सारताहेत. दर वेळी उत्तर एकच यायचं, की थांबू नये, गाडी मागं घ्यावी आणि उजेडाच्या गावाकडं पळावं. गाडीत बसलेल्या माणसाचं खरं हत्यार गिअर असतो.

नोटाबंदीनंतर रोकड कमी झाली. हळूहळू कारखानेही खात्यावर पैसे टाकायला लागले, शेतकरी मोबाईलवर घ्यायला लागले. पिशवी गेली, पण रिव्हॉल्व्हर राहिलं. 2019 च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, तेव्हा अण्णा म्हणाले, "चला, गारगोटीची वाट कमी झाली."

2022 च्या पावसाळ्यात अण्णा गेले. तेरावं व्हायच्या आधीच मी वहिनींना म्हटलं, कपाटातलं हत्यार आता आपलं नाही. परवाना माणसाचा असतो. माणूस गेला की वारसांनी विनाकारण वेळ न लावता ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं. दुःखात हे कुणाला सुचत नाही आणि वर्षभरानं कपाट आवरताना ते सापडतं, मग धावपळ. आम्ही आधी ठाण्यात फोन केला, रिकामं करून घेतलं, गोळ्या मोजून वेगळ्या बांधल्या, पोलीस पाटलांना बरोबर घेतलं आणि जमा करून पावती आणली.

मग पुतण्या बोलला. त्याच्याकडं नवी मोठी गाडी आहे, गोव्याला, पुण्याला जाणं असतं. "काका, वारसाला परवाना मिळतो. करू का अर्ज?" मिळतो, हे खरं. अर्ज, चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण, हे सगळं करून मिळू शकतो. मी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. अण्णांच्या परवान्याचं पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि मागचं पान वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं. गोवा गेला, बेळगाव गेलं, जत्रा गेली, कॉलेज गेलं. तरी म्हणाला, "गाडीत असली की धीर ऱ्हातो."

वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "तुझ्या बानं सव्वीस वर्षांत ती एकदाबी भाईर काढली न्हाई. त्याला काय पडलं त्ये मी बघितलंय. तू किती दिस न काढता ऱ्हाशील, त्ये आधी सांग."

पुतण्या काही बोलला नाही. आठवडाभरानं तोच म्हणाला, विकून टाकू. परवानाधारक विक्रेत्यामार्फत व्यवहार झाला, पैसे वहिनींच्या खात्यावर आले. त्या पैशात त्यांनी काजूच्या बागेला पाण्याची टाकी बांधून घेतली.