जमा आणि नावे

खामगावला आमच्या गल्लीत दिवाणजीकाकूंचं परस होतं, आणि त्या परसाची वही होती. शाळेची नव्हे, अडतीवर असते तशी लांबोडकी, लाल कापडाच्या बांधणीची. काका कापसाच्या अडतीवर दिवाणजी. १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा गावात आला तो कापसासाठी, तेव्हापासून इथली माणसं स्वप्नंही जमाखर्चात बघतात असं माझे वडील म्हणायचे. दर दिवाळीच्या पाडव्याला एक कोरी वही काकूंच्या वाट्याला यायची. वर ‘श्री’, डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

रोप कुणाकडून आलं ते जमेला. कुणाला दिलं ते नावे. मेलं तर ‘बुडीत’. ‘मृग, चौथा दिवस. शेवगा, फांदी एक. गिरणीवाल्यांकडून.’ चोरून आणलेलं रोप लवकर धरतं ही समजूत काकूंचीही होती, पण हिशेब हिशेबासारखा: ‘सदाफुली पांढरी. न विचारता.’ पुढे मालकाचं नाव. अक्षय तृतीयेला भेंडवळला घट मांडतात, दुसऱ्या सकाळी पावसाचं भाकीत होतं. तेही एका कोपऱ्यात टिपलेलं असायचं. पोळ्याच्या सुमाराला त्याखाली प्रत्यक्ष पडलेला पाऊस. शेरा काही नाही.

माझं अक्षर बरं, म्हणून दहाव्या वर्षी मला लिहिण्याचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी ‘मोगरा’ खोडून ‘जाई’ लिहायला गेले, तर काकूंनी हात धरला. “खोडाचं नाई पोरी. चुकलं त खाली नवी नोंद घे.”

मग १९७२चा दुष्काळ. विहिरीचा तळ दिसायला लागला. काकूंनी पऱ्हाट्यांचा मांडव घातला, भांड्यांचं विसळण बुंध्यांना ओतलं, तरी जाई गेली, अनंत गेला, दोन लिंबं गेली. त्या पानावर मी सात वेळा ‘बुडीत’ लिहिलं. काकू शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. सातव्या वेळी म्हणाल्या, “आता मागची नावे काढ.”

नावेच्या बाजूला जाई एकदाच निघाली. गल्लीत भाड्यानं राहिलेल्या, बदली होऊन बुलढाण्याला गेलेल्या एका शिक्षिकाबाईंना दिलेली.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघी एस.टी.नं निघालो. बोथ्याचा घाट चढताना हवा बदलते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आहेत, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या उन्हाळ्यावर विश्वास ठेवत नाहीत. बाईंच्या आडोशाला जाई हिरवीगार होती. आधी पत्र गेलं होतं, त्यामुळे त्यांनी एक फांदी मातीत दाबून ठेवली होती. मुळं सुटलेली. ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन आलो.

घरी येऊन मी लिहिलं, ‘आपली जाई परत आली.’

“आपली कशी? त्यायनं जगवली न. जमेले त्यायचं नाव लिव्ह.”

मी खाली नवी नोंद घेतली.

पुढे पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकायला गेले, हर्बेरियममध्ये पहिली वाळवलेली फांदी हातात आली, आणि कोपऱ्यातली चिठ्ठी वाचून मला हसू आलं. कुठे मिळाली, कधी, कुणी आणली. ओळख चुकलेली असली तर जुनी चिठ्ठी काढत नाहीत, शेजारी नवी डकवतात. इतरांना हे शिकवावं लागलं. २००० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं दिवाकर आणि शर्मा यांचा बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला, तो मी विद्यार्थ्यांपुढे ठेवते तेव्हा काकूंचं नाव घेते. ते त्या ग्रंथात नाही, कुठेच नाही.

आता माझी गोष्ट. १९८४ साली मी पुण्याला निघाले तेव्हा काकूंनी गोडनिंबाच्या मुळाला फुटलेला एक कोंब दिला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो गॅलरीत वाळला. परीक्षेच्या नादात आठ दिवस पाणी घातलं नव्हतं, एवढंच. काकूंचं कार्ड आलं, झाड कसं आहे. मी लिहिलं: छान आहे, फोडणीला पुरतं.

काकू गेल्यावर भेटायला गेले तेव्हा सूनबाईंनी वह्या समोर ठेवल्या. ती नोंद मीच शोधली. नावेला माझं नाव, ‘गोडनिंब, कोंब एक’, आणि त्यापुढे काकूंच्या वाकड्या अक्षरात: ‘छान आहे. फोडणीला पुरते.’

त्या सगळ्या वह्यांत खोटी नोंद ती एकच असावी.

मी पेन मागितला. खाली लिहिलं, ‘बुडीत, १९८६’, आणि सही केली. सूनबाईंनी वाचलं, काही बोलल्या नाहीत. खुरपं घेऊन परसात गेल्या आणि गोडनिंबाच्या बुडाशी उकिडव्या बसल्या. तिथूनच म्हणाल्या, “तारीख घाला ताई. अन् नाव पुरं लिवा.”