वडापची जीप

पहिल्या वर्षी हॉस्टेलवर कुणी "वडील काय करतात?" असं विचारलं की मी सांगायचो, "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत." तसं ते खोटं नव्हतं. आण्णा पाटण-कराड रस्त्यावर वडाप करायचे. पण 'वडाप' हा शब्द सांगलीत माझ्या तोंडून तीन वर्षं बाहेर पडला नाही.

कंबर धरल्यामुळे आण्णांनी धंदा बंद केला. कमांडर जीप शेडमध्ये उभी राहिली, तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. एक दिवस भंगारवाला भाव करून गेला. मी घाईघाईत बोलून गेलो, "विकू नका, मी तिची कॅम्पिंगची गाडी करतो." आण्णा म्हणाले, "दिवाळीपत्तोर चालती कर. न्हाईतर दिली."

मग आम्ही चार रूम पार्टनर कामाला लागलो. घरची जुनी जीप आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं.

पहिलं भांडण टायरवरून. दोघांना जाड, रुंद टायर हवे होते. फोटोत भारी दिसतात ना! पण आमची गाडी टू व्हील ड्राइव्ह, पॉवर स्टिअरिंग नाही. रुंद टायर घातला की स्टिअरिंग जड होतं, पूर्ण वळवलं की टायर पाट्याला घासतो. शिवाय जायचं कुठं? सांगलीकडं काळी माती. ती टायरच्या नक्षीत भरून बसते. खाचा मोठ्या असल्या तरच चाक फिरताना बाहेर फेकली जाते. साताऱ्याकडं डोंगरावर जांभा आणि काळा कातळ. तिथं धोका टायरच्या कुशीला. कडेचा दगड कूस फाडतो. आणि या दोन्हींच्या मधला सगळा प्रवास डांबरावरचा. शेवटी मूळ मापाचेच, ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंदीचे आणि सोळा इंची रिमचे, मोठ्या खाचांचे टायर घेतले. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला टेकतो. जुने टायर नक्षी शाबूत असूनही काढून टाकले. टायरच्या कुशीवर चार आकडे असतात. '२३१५' म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, मित्रांनो!

दुसरी गोष्ट पाट्यांची. मागचे कमानपाटे बसले होते. मी रुबाबात दोन्हीकडं एकेक पाटा वाढवून घेतला. टपावर तंबू, पाण्याचे कॅन आणि स्टेपनी. मेकॅनिकलचा विद्यार्थी ना मी!

ऑक्टोबरमध्ये पहिली सफर. कासच्या पठारावर चाक घालायचं नाही, हे आधीच ठरलेलं. तिथं कातळावर मातीचा थर पातळ, त्यातच ती फुलं. एकदा चाक फिरलं की संपलं. म्हणून सडावाघापूरला ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक रानात मुक्काम केला. घाटात गाडी प्रत्येक वळणाला बाहेर झुकत होती, खड्ड्यात मागचं चाक उड्या मारत होतं. रात्री मात्र दिवे, गाणी, लॅपटॉप, सगळं दोन वाजेपर्यंत चालू.

सकाळी चावी फिरवली. टक्. बस्स.

नाइलाजानं घरी फोन केला. तासाभरानं धुक्यातून आण्णा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आले, कमरेला पट्टा बांधलेला. गाडीकडं एकदा, माझ्याकडं एकदा बघितलं. "वडापवाल्याचं पोरगं आन् ब्याटरी उतरवतंय व्हय?"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. माझे कान तापले. आण्णांनी गाडी उतारावर घेतली, आम्ही ढकलली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन लागलं.

परतताना एक मित्र म्हणाला, "लेका, आधी बोलला असतास तर यांनाच विचारलं असतं. महिनाभर नेटवर डोकं फोडलं आपण."

दिवाळीत सगळे आमच्या घरी. भंगारवाल्याचं नावही निघालं नाही. आण्णा म्हणाले, "आरं, पाटा वाढवून वजन कमी हुतंय व्हय? गाडी टणक हुती निस्ती." आम्ही वजनं मांडली. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, आणि तेही टपावर! पाणी, स्टेपनी खाली आणली. जादा पाटे काढले, जुन्यांना पुन्हा कमान दिली, बुश आणि शॉकअप नवे घातले. गाडी वळणाला शहाण्यासारखी वागायला लागली.

बॅटरीचंही तसंच. स्टार्टरची बॅटरी दोन-चार सेकंद भरपूर करंट द्यायला केलेली असते. रात्रभर पिळली की तिच्या प्लेटा खराब होतात. म्हणून दुसरी बॅटरी. हिशेब असा: दिवे १० वॅट पाच तास, ५० वॅट-तास, चार मोबाइल, ६०, सांगलीच्या उकाड्यासाठी छोटा पंखा, २० वॅट सहा तास, १२०. एकूण २३०. बाराने भागले की १९ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून ४० ची घेतली. लिथियम फॉस्फेट हलकी, पण महाग. शिवाय जुन्या अल्टरनेटरवर मध्ये डीसी-डीसी चार्जर लागला असता. दोन बॅटऱ्यांमध्ये आयसोलेटर टाकला, त्यामुळं रात्रीचा खर्च स्टार्टरच्या बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. दोन्हींजवळ फ्यूज.

मार्चमध्ये भिलवडीला मित्राच्या मळ्यात गेलो. उसाला पाणी सोडलेलं, पाणंद चिखलानं भरलेली. टायरची हवा थोडी कमी केली आणि जीप संथपणे पार झाली. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरली. या खेपेला आण्णा सोबत होते. रात्री पंख्याखाली मागं झोपले. सकाळी चहा पिताना म्हणाले, "इतकी वर्सं माणसं कोंबली हिच्यात. झोपलो आजच."

पहिल्या चावीला गाडी सुरू झाली.

हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनकाकांनी अडवलं. "कुणाची गाडी रं?"

मी खाली उतरून म्हणालो, "आमची. वडापची जीप आहे, काका."

काकांनी आत डोकावून आण्णांना विचारलं, "मग कऱ्हाडला किती घ्येणार?"