जनेल बदलताना

गोव्यात खिडकीला आम्ही जनेल म्हणतो. शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि इतका घरचा झाला की आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना 'खिडकी' हा शब्द पुस्तकातला वाटतो. वस्तूचेही तसेच झाले. जुन्या हिंदू घरांचे तोंड आत, राजांगणाकडे असायचे; बाहेरच्या भिंतीला लहानशा, गजांच्या खिडक्या. पोर्तुगीज वळणाची घरे मात्र रस्त्याकडे बघणारी. त्यांची उंच, दुहेरी दारांची जनेले पुढे आमच्या घरांनीही दर्शनी बाजूला घेतली. त्यामुळे इथल्या एकेका घरात दोन रीतींच्या खिडक्या एकाच छपराखाली नांदताना दिसतात.

या जनेलांत सर्वांत देखणे ते शिंपल्यांचे. काच दुर्मिळ आणि महाग होती तेव्हा खाडीतली चपटी, पातळ, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत, एकावर एक किंचित चढवून बसवत. पोर्तुगीज त्यांना 'कारेपा' म्हणत. पणजीच्या फोंतेन्यास भागात फिरलात तर अजून काही घरांवर ती दिसतील. त्यांतून बाहेरचे दिसत नाही, पण उजेड येतो, आणि तो दुधात कालवल्यासारखा मऊ होऊन येतो. वैशाखातल्या भर दुपारीसुद्धा डोळ्यांवर तिरीप येत नाही. शिंपल्यांच्या फटींतून थोडा वाराही खेळतो.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे फोंडा तालुक्यातले आमचे वडिलोपार्जित घर. चिऱ्याच्या दोन फूट जाडीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, आणि लहानमोठी मिळून १४ जनेले. छप्पर मागेच शाकारून झाले. आता पाळी जनेलांची. घरासंबंधीचे निर्णय आमच्याकडे चवथीला होतात, कारण मुंबई-पुण्याचे भाऊबंद तेव्हाच एकत्र येतात. माटोळी बांधून झाली आणि धाकट्या चुलतभावाने खिशातून एक कोटेशन काढले. चौदाच्या चौदा काढून ॲल्युमिनियमची सरकती तावदाने बसवायची. काम चार दिवसांचे.

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. वर्षातले दहा महिने त्या घरात काकू एकटी असते. वय ऐंशीच्या पुढे. फुगलेली दारे तिला ओढवत नाहीत, त्यामुळे मृगापासून निम्मी जनेले कायमची बंद. उरलेल्यांतून झड आत येते, जमीन ओली होते, आणि तिचा पाय घसरला तर जवळ कोण? "दादा, घर म्हणजे म्युझियम नव्हे," तो म्हणाला. खरेच आहे. म्युझियम पाहायचे तर ते तोर्डा येथे आहे. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी गोव्यातल्या घरांवर तिथे एक सुरेख संग्रहालय उभे केले आहे. आमच्या घरात माणूस राहतो.

पण माणूस राहतो म्हणूनच प्रश्न नीट विचारायला हवा. शेवटी काकूलाच विचारले. ती म्हणाली, "मला उजेड हवा, वारा हवा आणि पाऊस नको. बाकी काय ते तुम्ही ठरवा." जुन्या घराचे जनेल निवडायला याहून चांगली कसोटी मला कुठल्या कॅटलॉगात सापडलेली नाही.

ही कसोटी लावली की कोटेशनातले दोष दिसू लागतात. दोन पाखांचे सरकते तावदान कितीही ढकला, निम्मी खिडकी बंदच राहते. बाहेर उघडणारी जुनी दारे पूर्ण वारा आत घेतात. प्लास्टिकच्या, म्हणजे यूपीव्हीसीच्या चौकटी पाऊस चांगला अडवतात, पण त्या जाड असतात, लहान खिडकीत त्यांच्यामुळे काच उरते थोडी, आणि मोडल्या तर गावातल्या सुताराला त्यांचे काही करता येत नाही. दुहेरी काचेची महती थंड देशांत आहे, तिथे घरातली ऊब राखायची असते. आमच्याकडे वातानुकूलन नसलेल्या घरात भांडण उकाड्याशी आणि दमटपणाशी. शिवाय चिरा आणि चुना ओल शोषतात आणि हळूहळू बाहेर टाकतात. खोली हवाबंद केली, चौकटीभोवती सिमेंट थापले, की ती ओल भिंतीतच बसते आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटू लागतो.

मग मी आमच्या सुताराला घेऊन जनेल न् जनेल फिरलो. तो प्रत्येक चौकटीत टोकदार पटाशी टोचून बघायचा. जिथे रुतेल तिथे लाकूड गेले. चौदांपैकी नऊ ठिकाणी एकच गोष्ट निघाली. "लाकूड बरें आसा बाब, सकयलच कुसलां." वरचा साग ठणठणीत, फक्त खालची आडवी पट्टी कुजलेली, कारण पाणी तिथे साचते. त्यावर उपाय जुना आहे: कुजका भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापायचा, तिरका सांधा करून नवा तुकडा जोडायचा, बाजूने रंधा मारून दार हलके करायचे, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या जागी पितळी घालायच्या. आणि त्याआधी पावळीचे पाणी खिडकीवर का पडते ते पाहायचे. पूर्वी पावसाळ्यात माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापे भिंतींना बाहेरून बांधत. ती पद्धत गेली आणि दोष मात्र लाकडाच्या माथी आला.

तीन जनेले वाळवीने पोखरलेली. ती नवीनच करावी लागणार. त्यांना जुन्याच मापाची, पण फणसाच्या लाकडाची दारे. काकूच्या खोलीतल्या दोन जनेलांना मात्र सरळ काच, हाताशी येईल अशी कडी, आणि वर लहानसे छप्पर. तिथे मी जुनेपणाचा हट्ट धरला नाही. तिला अंथरुणातून तुळस दिसायला हवी.

शिंपल्यांच्या चार दारांवरून वाद सर्वांत जास्त झाला. त्यांतली बरीच शिंपले फुटलेली. नवीन आणायची कुठून? हे शिंपले झुआरीच्या मुखाजवळ, चिखलीच्या खाडीत अजून सापडते, पण २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात त्याचे नाव आले आणि ते काढण्यावर बंदी आली. ते योग्यच झाले. खाडीतला जीव संपवून घराची शोभा राखायची, यात कसली संस्कृती? फिलिपिन्समध्येही स्पॅनिश काळातल्या घरांना याच शिंपल्यांची तावदाने आहेत. तिथे त्याला 'कापीझ' म्हणतात.

म्हणजे आपल्याकडे आहे तेवढाच हा साठा. जे दार भंगारात गेले त्याची शिंपले पुन्हा मिळणार नाहीत. आम्ही चार दारांतली धड शिंपले एकत्र केली, त्यांतून दोन दारे पुरी झाली, ती दर्शनी बाजूला. उरलेल्या दोन चौकटींत दुधी काच. ज्यांच्या घरी अशी दारे असतील त्यांना हात जोडून विनंती: धड तुकडे जपून ठेवा. पुसायला ओले फडके पुरे. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड लावू नका. शिंपले चुनखडीचे असते, आंबट लागले की झिजते. आणि त्यांवर रंगाचा ब्रश फिरू देऊ नका.

कोटेशन देणारा चार दिवस म्हणाला होता. सुताराला सात आठवडे लागले, आणि मजुरीचा आकडा चुलतभावाच्या आकड्याहून थोडा कमीच आला. पण सात आठवडे घरी बसून काम करून घ्यायला कोणीतरी लागते, हेही सांगितले पाहिजे. ज्यांची माणसे परगावी आहेत त्यांना ते जमत नाही. गोव्यातली कित्येक जनेले वाळवीपेक्षा या कारणानेच गेली आहेत. घरात राहणारे कोणी नाही, मग दार लावायला तरी कोण, उघडायला तरी कोण? अशा घरावर ॲल्युमिनियम दिसले तर मी आता नाक मुरडत नाही. निदान कोणीतरी ते घर पाडले नाही, एवढे त्यातून कळते.

चुलतभाऊ अजून पुरता पटलेला नाही. पुढच्या पावसात एक जरी दार फुगले तरी तो बोलून दाखवील, आणि तो त्याचा हक्कच आहे.